तिसऱ्या मुलीचा स्कोअर : नॅशनल इकॉनॉमिक्स चॅलेंज कशी चालते आणि टीम कशी बांधावी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगी अमेरिकेत दहावीत आहे, गणित पक्कं आहे, पण शाळेत अर्थशास्त्र अजून घेतलेलं नाही. तिच्या सरांनी नॅशनल इकॉनॉमिक्स चॅलेंज या हायस्कूलच्या टीमस्पर्धेसाठी तिचं नाव सुचवलंय आणि तिच्या तीन मैत्रिणी तयार आहेत. तुम्ही घरी बेत केलाय की चौघींनी विषय वाटून घ्यायचे. एकीने मायक्रो (एकेका बाजाराचं, कंपनीचं अर्थशास्त्र), दुसरीने मॅक्रो (अख्ख्या देशाचं), तिसरीने आंतरराष्ट्रीय व्यापार, चौथीने चालू घडामोडी. म्हणजे कमी वेळात सगळा अभ्यासक्रम उरकेल. तुम्हाला विचारायचंय ते एवढंच, की ही स्पर्धा मुळात चालते कशी आणि हा बेत बरा आहे का.

बेत बरा नाही. का, ते कळायला गुण कसे मोजतात हे कळावं लागतं. मी एका अमेरिकन हायस्कूलमध्ये अर्थशास्त्र शिकवते आणि बारा वर्षं या स्पर्धेच्या टीमला कोचिंग करतेय. तुमच्यासारखाच बेत मी स्वतः दुसऱ्या वर्षी केला होता. तो कसा फसला ते पुढे येईलच.

आधी सांगाडा. ही स्पर्धा भरवते कौन्सिल फॉर इकॉनॉमिक एज्युकेशन, म्हणजे न्यूयॉर्कमधली १९४९ साली सुरू झालेली, शाळांमध्ये अर्थशास्त्र शिकवलं जावं म्हणून काम करणारी संस्था. राज्य पातळीवरचं काम तिथली तिथली संलग्न कौन्सिलं किंवा विद्यापीठांतली केंद्रं बघतात. टीम तीन किंवा चार विद्यार्थ्यांची, आणि सोबत कोच म्हणून एक शिक्षक. नावनोंदणी कोच करतो, पालक नाही. राज्यफेरी वसंतात. बहुतेक ठिकाणी ती शाळेतच कॉम्प्युटरवर होते, काही राज्यांत अंतिम टप्प्यासाठी मुलांना एका जागी बोलावतात. राज्यात जिंकलेल्या टीम राष्ट्रीय उपांत्य फेरीत ऑनलाइन पेपर देतात आणि त्यातल्या वरच्या मोजक्या टीम अंतिम फेरीला जातात. २०२० मध्ये कोविडमुळे अंतिम फेरीसुद्धा ऑनलाइनच झाली होती.

विभाग दोन आहेत, दोन्हींना जुन्या अर्थशास्त्रज्ञांची नावं. डेव्हिड रिकार्डो विभाग नवख्यांसाठी, म्हणजे ज्यांनी अर्थशास्त्राचा फार तर एका सेमिस्टरचा साधा वर्ग घेतलाय आणि स्पर्धेत जे पहिल्यांदाच उतरतायत. अॅडम स्मिथ विभाग एपी, आयबी, ऑनर्स असे वरच्या पातळीचे वर्ग घेणाऱ्यांसाठी आणि आधी भाग घेतलेल्यांसाठी. चौघींपैकी एक जरी एपीच्या वर्गात असली तरी अख्खी टीम अॅडम स्मिथमध्ये जाते. तुमच्या मुलीच्या मैत्रिणींपैकी कोणी अकरावीत असेल आणि एपी मॅक्रो घेत असेल तर हे आजच विचारून घ्या. आमच्याकडे एकदा हे जानेवारी संपताना कळलं होतं, आणि मग नवख्या तीन मुलींना एपीवाल्या टीमशी भिडावं लागलं.

इथे एक निर्णय तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, त्याचं सरसकट उत्तर मी देऊ शकत नाही. रिकार्डो विभागाचं तिकीट एकदाच वापरता येतं. मुलगी यंदा दहावीत अर्धवट तयारीने उतरली, तर पुढच्या वर्षी परत आलेली म्हणून तिला थेट अॅडम स्मिथमध्ये जावं लागेल. शाळेत अकरावीला एपीचा वर्ग असेल आणि ती तो घेणारच असेल, तर रिकार्डोमध्ये उतरण्याची संधी यंदाचीच, मग यंदा जावं. पण शाळेत फक्त बारावीला एका सेमिस्टरचा वर्ग असेल, तर हे तिकीट राखून ठेवण्यात शहाणपण असू शकतं. मी स्वतः सहसा ‘आत्ताच जा’ म्हणते, कारण दोन वर्षांनी त्याच तीन मैत्रिणी तयार असतील याची खात्री कोण देणार? तरी पात्रतेची ओळ त्या वर्षीच्या नियमावलीत सरांकडून एकदा वाचून घ्या. बारीकसारीक बदल होत असतात.

आता गुण. विषयांचे गट तीन आहेत: मायक्रो, मॅक्रो, आणि आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्र व चालू घडामोडी. तिन्ही बहुपर्यायी. पहिले दोन पेपर प्रत्येकजण एकट्याने सोडवतो. तिसरा टीमने मिळून सोडवायचा, चौघींची एकच उत्तरपत्रिका. आणि तुमचा बेत जिथे कोसळतो ती गोष्ट ही: मायक्रोचा पेपर चौघींना द्यावा लागतो, मॅक्रोचाही चौघींना, आणि प्रत्येक पेपरात चारपैकी वरचे तीन स्कोअर टीमच्या खात्यात धरतात.

आकडे मांडून बघू. आमच्या राज्यात कितीतरी वर्षं बरोबर उत्तराला १०, चुकीला उणे ५, सोडलेल्याला शून्य असा हिशेब होता. तोच धरू, आणि पेपर १५ प्रश्नांचा समजू. तुमच्या बेतातली मायक्रोवाली मुलगी १२ बरोबर काढते, ३ सोडते, म्हणजे १२०. बाकीच्या मुलींनी मायक्रोला हातच लावलेला नाही. त्यातली प्रत्येकजण ५ बरोबर, ४ चूक, ६ सोडलेले, म्हणजे ५० वजा २०, मिळून ३०. वरचे तीन स्कोअर १२०, ३० आणि ३०. बेरीज १८०. शेजारच्या शाळेत मात्र एकही मुलगी चमकदार नाही. चौघींनी दोन्ही विषयांची तोंडओळख नीट करून घेतलीय. प्रत्येकीचे ८ बरोबर, २ चूक, ५ सोडलेले, म्हणजे ७०. वरचे तीन मिळून २१०. मॅक्रोतही हेच घडणार. दोन पेपर मिळून तुमची टीम ३६०, त्यांची ४२०. आणि जिच्यामुळे तुम्हाला वाटलं असेल की आपली टीम भारी आहे, ती १२० वाली मुलगी तुमच्याकडेच आहे.

माझी त्या वर्षीची टीम अशीच हरली. चौघे होते, एकेक विषयाचा एकेक पंडित. मॅक्रोतल्या मुलाला फेडरल रिझर्व्हबद्दल (अमेरिकेची मध्यवर्ती बँक, थोडक्यात फेड) विचाराल ते येत होतं, पण लवचिकता (किंमत बदलल्यावर मागणी किती बदलते ती) म्हणजे काय हे त्याला त्या दिवशी सकाळी गाडीत समजावून सांगत होतो. मुलांना काय वाटलं असेल ते असो, मला मात्र शरम वाटली, कारण वाटणी माझी होती.

तेव्हापासून टीम निवडताना मी एकच बघते, प्रत्येक विषयातला तिसरा स्कोअर. सगळ्यात हुशार मुलीला १२० वरून १३० वर न्यायला महिना जातो. तिसऱ्या मुलीला ३० वरून ७० वर आणायला दोन आठवडे पुरतात, कारण तिच्या चुका पायाच्या असतात आणि पायाच्या चुका थोड्याच असतात. घटत्या सीमांत फलाचा, म्हणजे मेहनत वाढवत नेली की मिळणारी जादा वाढ कमी कमी होत जाण्याचा नियम मुलं ज्या स्पर्धेसाठी पाठ करतात, त्याच स्पर्धेच्या तयारीत तो कोणी लावत नाही, याची मला नेहमी गंमत वाटते. हुशार मुलगी कोचला आवडते, तिचे प्रश्न रंगतदार असतात, आणि सराव तिच्याभोवती फिरायला लागतो. तसं होऊ देऊ नका.

चौथा स्कोअर गळतो, मग चौथी मुलगी कशाला, असं कुणी विचारतं. ती विमा आहे. कोणी आजारी पडतं, कोणाचा पेपर बिघडतो. शिवाय गळणारी मुलगी दोन्ही पेपरांत तीच नसते. मायक्रोत चौथी असलेली मॅक्रोत दुसरी येते, हे मी दरवर्षी बघते.

उणे गुणांबद्दल थोडं, कारण इथे गणित पक्कं असलेल्या मुलीचा उपयोग होईल. १० आणि उणे ५ असा हिशेब असेल, तर उत्तर बरोबर येण्याची शक्यता एकतृतीयांशाहून जास्त असेल तेव्हाच अंदाजाने उत्तर ठोकावं. तीन पर्याय उरले असतील तर सरासरी शून्य, म्हणजे ठोकलं काय नि सोडलं काय, सारखंच. दोन उरले असतील तर सरासरी अडीच गुणांचा फायदा, तेव्हा ठोकायचंच. चार उरले असतील तर हात आवरायचा. मूळ पर्याय चार होते की पाच याने काही फरक पडत नाही, उरले किती हेच बघायचं. वेगळी पद्धत असेल तर हा उंबरठाही बदलतो, म्हणून सरावाच्या पहिल्याच दिवशी मी मुलांना त्या वर्षीच्या नियमावरून तो काढायला लावते. घाबरट मुली दोन पर्याय उरलेले प्रश्नसुद्धा सोडून देतात आणि त्यात दर पेपराला गुण घालवतात. उलट काही मुलांना कोरी जागा बघवतच नाही. दोघांनाही एकच औषध: सरावाच्या कागदावर प्रत्येक उत्तरापुढे ‘खात्री’, ‘दोन उरले’, ‘तीन उरले’ असं लिहायला लावायचं आणि नंतर मोजायचं. ‘खात्री’ लिहिलेल्यांतले किती चुकले, ही बेरीज बघून मुलं गप्प होतात.

आता प्रत्यक्ष काय विचारतात. कॅल्क्युलस लागत नाही. टक्केवारी, गुणोत्तर आणि आलेख वाचणं एवढंच गणित. तरीही गणितात हुशार असलेली मुलं एका ठरावीक जागी हमखास पडतात, ती म्हणजे तुलनात्मक लाभ (जी वस्तू करताना दुसरी कमी गमवावी लागते, ती आपण करावी). गंमत अशी की नवख्यांच्या विभागाला नाव रिकार्डोचं, आणि नवख्यांची सगळ्यात जास्त दांडी गुल होते ती रिकार्डोच्याच कल्पनेवर.

त्याचं १८१७ मधलं मूळ उदाहरणच घ्या. ठरावीक कापड विणायला इंग्लंडला वर्षाला १०० माणसं लागतात, ठरावीक वाइन करायला १२०. पोर्तुगालला त्याच कापडाला ९० आणि त्याच वाइनला ८०. पोर्तुगाल दोन्हीत सरस आहे. तर कोणी काय करावं? वाइनच्या त्या एका मापासाठी इंग्लंड १२० भागिले १००, म्हणजे १.२ माप कापड गमावतं. पोर्तुगाल ८० भागिले ९०, म्हणजे साधारण ०.८९ माप. पोर्तुगालची वाइन स्वस्त पडते, म्हणून वाइन त्यांनी करावी आणि कापड इंग्लंडने. इथपर्यंत सगळ्यांना जमतं. घोडं पुढे अडतं. परीक्षेत कधी तक्ता देतात ‘एका दिवसात किती नग होतात’ असा, आणि कधी ‘एका नगाला किती तास लागतात’ असा. पहिल्यात मोठा आकडा चांगला, दुसऱ्यात लहान. भागाकार उलटा होतो. गणितवाली मुलं तक्त्याचं शीर्षक न वाचताच भागायला बसतात. रिकार्डोचा तक्ता दुसऱ्या प्रकारचा आहे, हेही अनेकांच्या लक्षात येत नाही. माझ्या टीममध्ये नियम आहे: आकड्यांना हात लावण्याआधी तक्त्यावर ‘लागलेलं’ किंवा ‘झालेलं’ हा एक शब्द लिहायचा.

मायक्रोतल्या बाकीच्या पायाच्या चुका मी बोटांवर मोजून सांगू शकते. किंमत बदलली की मागणीचा वक्र सरकत नाही, आपण त्याच वक्रावर सरकतो. पूर्ण स्पर्धेच्या बाजारात दीर्घकाळात आर्थिक नफा शून्य होतो म्हणजे दुकानदार उपाशी राहत नाही, त्याच्या स्वतःच्या श्रमाचा आणि भांडवलाचा मोबदला खर्चात धरलेलाच असतो. तोट्यातली कंपनी लगेच बंद करायची नसते, किंमत सरासरी बदलत्या खर्चाच्या (मजुरी, कच्चा माल असा उत्पादनाबरोबर बदलणारा, दर नगामागचा खर्च) खाली गेली तरच. किंमत वाढवल्यावर एकूण उत्पन्न घटलं तर मागणी लवचिक. एवढं चौघींना झोपेत विचारलं तरी सांगता आलं, तर मायक्रोतला तिसरा स्कोअर आपोआप वर येतो.

मॅक्रोत अडचण वेगळी आहे. तिथे जुनी पुस्तकं दगा देतात. बँकांनी ठेवींच्या १० टक्के राखीव ठेवायचे, म्हणून पैशाचा गुणक (एका ठेवीतून बँकांत किती पट पैसा तयार होतो तो आकडा) १०, हे गणित अजून सगळ्या जुन्या सरावसंचांत आहे. प्रत्यक्षात फेडने राखीव निधीची अट २६ मार्च २०२० पासून शून्यावर आणली आणि ती तशीच राहिली. आज फेड व्याजदर हलवते ती मुख्यतः बँकांनी फेडकडे ठेवलेल्या शिलकीवर किती व्याज द्यायचं ते ठरवून. एपीच्या अभ्यासक्रमातही मुबलक राखीव निधीची ही मांडणी आलीय. मग मुलीने काय शिकावं? दोन्ही. प्रश्नात राखीव प्रमाण दिलेलं असेल तर गुणकाचं गणित मुकाट्याने करायचं, आणि ‘फेड सध्या दर कसा बदलते’ असं विचारलं तर आजचं उत्तर द्यायचं. प्रश्न कोणत्या जगातला आहे हे ओळखणं हीच तिथली अर्धी तयारी.

तिसरा पेपर टीमचा. इथे मात्र तुमची विषयवाटणी चालते, अगदी बिनधास्त करा. एकीने विनिमय दर आणि व्यापारतोल, एकीने फेड, एकीने बेरोजगारी, महागाई, जीडीपीचे ताजे आकडे, एकीने नोबेल, जकाती, आंतरराष्ट्रीय संस्था. चालू घडामोडी पाठ करायच्या नसतात, सवयीने मुरतात. आम्ही आठवड्यातून एकदा वीस मिनिटं देतो. फेडच्या व्याजदर ठरवणाऱ्या समितीच्या वर्षातून आठ ठरलेल्या बैठका होतात. प्रत्येक बैठकीनंतरचं निवेदन आधीच्या निवेदनाशेजारी ठेवायचं आणि बदललेल्या शब्दांखाली रेघ मारायची. जून २०२२ मध्ये वार्षिक महागाई ९.१ टक्के होती, जुलै २०२३ पर्यंत फेडने दर ५.२५ ते ५.५० टक्क्यांच्या पट्ट्यात नेला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये एकदम अर्ध्या टक्क्याने कपात केली. ही गोष्ट मुलीला कागद न बघता सांगता आली, तर व्याजदर, महागाई आणि बेरोजगारीवरचे कितीतरी प्रश्न तिला वेगळे शिकवावे लागत नाहीत. आकड्यांसाठी सेंट लुईस फेडची फ्रेड ही मोफत साइट आहे, आलेख तिथेच काढून मिळतात.

टीमपेपरात धोका ज्ञानाचा कमी आणि आवाजाचा जास्त. जिचा आवाज मोठा तिचं उत्तर जातं. आमची पद्धत अशी: प्रश्न वाचायचा, कोणी बोलायचं नाही, दहा सेकंदांनी चौघींनी बोटांनी पर्याय दाखवायचा. चारही सारखे असतील तर चर्चा नाही, पुढचा प्रश्न. वेगळे असतील तर एकट्या पडलेल्या मुलीने आधी बोलायचं. वेळ वाचतो, आणि मुख्य म्हणजे गप्प मुलीचं बरोबर उत्तर वाया जात नाही.

इथवरचं एका दमात सांगायचं तर, मायक्रो आणि मॅक्रो चौघींनी करायचं, वाटणी फक्त तिसऱ्या पेपरासाठी, आणि सरावाचा वेळ प्रत्येक विषयातल्या तिसऱ्या-चौथ्या मुलीवर घालायचा.

पुढचे दोन प्रकार सगळ्यांच्या वाट्याला येत नाहीत, म्हणून थोडक्यात सांगणार होते, पण त्यातला एक मला फार आवडतो. पहिला क्विझ बोल. वरच्या दोन टीम समोरासमोर, हातात बझर. इथे घाई मारते. एका वर्षी प्रश्न सुरू झाला, ‘एखाद्या देशाच्या चलनाची किंमत इतर चलनांच्या तुलनेत कमी होते…’ आणि आमच्या मुलाने बझर दाबून ‘निर्यात वाढते’ असं सांगून टाकलं. प्रश्नाचा उरलेला भाग होता, ‘…आणि ती स्थिर दराच्या पद्धतीत सरकारने ठरवून कमी केली असेल तर त्याला काय म्हणतात?’ उत्तर होतं अवमूल्यन. बाजारात चलन आपोआप घसरणं वेगळं, सरकारने खाली आणणं वेगळं, आणि इंग्रजीत त्यांना दोन वेगळे शब्द आहेत. मराठी बातम्यांत दोन्हींना सर्रास अवमूल्यन म्हणतात, त्यामुळे घरी मराठी बोलणाऱ्या मुलांची इथे थोडी जास्तच गफलत होते. तो प्रश्न गेला, आणि त्यानंतर मुलगा इतका बिचकला की येत असलेली उत्तरंही त्याने दाबली नाहीत. तेव्हापासून बझरवर मी शांत मूल बसवते, जलद मूल त्याच्या शेजारी.

दुसरा प्रकार अंतिम फेरीतला. टीमला एक धोरणविषयक प्रश्न देतात, मर्यादित वेळात विचार करून परीक्षकांपुढे मांडणी करायची आणि मग त्यांच्या प्रश्नांना तोंड द्यायचं. पाठांतर इथे संपतं. सरावासाठी मी दरवर्षी किमान वेतनाचा प्रश्न देते, कारण पुस्तकातलं उत्तर सोपं आहे. मजुरीची किंमत बाजारभावाच्या वर बांधली की मागणी घटते, बेरोजगारी वाढते. मुलं आलेख काढतात, खूश होतात. मग मी विचारते, एप्रिल १९९२ मध्ये न्यू जर्सीने किमान वेतन ४.२५ डॉलरवरून ५.०५ वर नेलं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने नेलं नाही. डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या फास्ट फूड दुकानांची तुलना करून १९९४ मध्ये अभ्यास छापला, आणि न्यू जर्सीत नोकऱ्या घटल्याचं त्यांना दिसलं नाही. आता बोला.

पहिल्यांदा शांतता असते. मग कोणी म्हणतं, अभ्यास चुकला असेल. वाद झाले, हे खरंय. पण कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं ते श्रमबाजाराच्या अशाच कामासाठी, तेव्हा नुसतं ‘चुकला असेल’ म्हणून भागत नाही. हळूहळू कुणाला तरी सुचतं की गावात मालक मोजकेच असतील तर ते मुळातच मजुरी दाबून ठेवत असतील, आणि अशा बाजारात किमान वेतनाने नोकऱ्या घटतीलच असं नाही. कुणी विचारतं, वाढ किती मोठी होती, त्या भागातल्या सर्वसाधारण मजुरीच्या किती टक्के? केंद्र सरकारचं किमान वेतन जुलै २००९ पासून ७.२५ डॉलरवर आहे, मग जिथे बाजारभावच त्याच्या कितीतरी वर गेलाय तिथे त्याने काही बिघडतं तरी का? इथे पोचलेली टीम परीक्षकांपुढे टिकते. परीक्षक सहसा एकच गोष्ट ढोसून बघतात: तुमची शिफारस कोणत्या परिस्थितीत चुकीची ठरेल? या प्रश्नाला ज्या टीमकडे उत्तर तयार असतं, ती ऐकताना मलाही खुर्चीत सरसावून बसावंसं वाटतं.

कॉलेजप्रवेशाला याचा किती उपयोग होतो, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पालक विचारतातच. राष्ट्रीय फेरीपर्यंत गेल्यास अर्जात चांगलं दिसतं. राज्यफेरीतल्या सहभागाने दारं उघडतात असं मी तरी पाहिलेलं नाही. त्या एका कारणासाठी मुलीला यात ढकलू नका. आणि मुलगी एपी देणार असेल, तर एपीच्या परीक्षा मे महिन्यात असतात, हे कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवा.

वेळ किती द्यावा? नवख्या टीमला आठवड्याला दोन तास, नोव्हेंबरपासून. त्यातला एक तास चौघींनी एकत्र, एक आपापला. डिसेंबरअखेर मायक्रो संपवायचं, फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मॅक्रो, उरलेले दिवस वेळ लावून पेपर. याहून जास्त केलं तर दहावीतली मुलं कंटाळतात, कमी केलं तर प्रत्येक भेटीत मागचं परत शिकवावं लागतं.

मैत्रिणींच्याच टीमचं म्हणाल, तर मी हो म्हणेन. अनोळखी हुशार मुलांपेक्षा एकमेकींना ‘तुला हे येत नाहीये’ असं न लाजता सांगणाऱ्या मुली बऱ्या. फक्त सरांना हो कळवण्याआधी या शनिवारी एक करून बघा. इंग्लंड-पोर्तुगालचा तक्ता चौघींना द्या, वेगवेगळ्या खोल्यांत बसवा, दहा मिनिटं द्या. तुलनात्मक लाभ म्हणजे काय ते आधी पाच मिनिटांत समजावलंत तरी चालेल. मग त्याच देशांचा दुसरा तक्ता द्या, या वेळी माणसांऐवजी दिवसाला होणाऱ्या नगांचा, आकडे तुमच्या मनाचे. कागद गोळा करा, आणि तुमच्या मुलीचा कागद शेवटी उघडा. आधी बघा, दोन्ही तक्ते बरोबर सोडवणाऱ्या किती जणी आहेत. तिघी निघाल्या तर टीम तयार आहे. एकटी तुमचीच निघाली, तर नोव्हेंबरपर्यंत बाकीच्या तिघींना शिकवायचं काम तिच्याकडे द्या. तिचाही पाया त्यातूनच पक्का होईल.